मेंढपाळांच्या हातची लाकडी जनावरं : नवाहो प्रदेशातली भटकंती

मंगळवार : अल्बुकर्की ते फार्मिंग्टन

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीहून वायव्येकडे निघालेला ५५० नंबरचा हायवे क्यूबा नावाचं गाव मागे पडलं की एकदम मोकळा होतो. दोन्ही बाजूंना राखाडी-पिवळे डोंगर, खुरटी झुडपं, मधूनच एखादं घर. घराशेजारी अष्टकोनी होगान, म्हणजे नवाहो या इथल्या आदिवासींचं पारंपरिक घर, त्याचं दार पूर्वेला. ऑक्टोबरचा शेवट होता, हवेत गारठा होता. गाडी ताई चालवत होती. ती गेली काही वर्षं अल्बुकर्कीत राहते आणि नवाहो लोकांनी कोरलेली लाकडी जनावरं जमवते. माझं गाव सावंतवाडी. लाकडाची खेळणी बघतच मोठा झालो, त्यामुळे तिच्या घरातला लाकडी बोकड पाहिल्यापासून तो कुठून आला, कोणी केला हे मला बघायचं होतं. म्हणून ही फेरी.

लायब्रुक आणि नगीझी ही हायवेवरची दोन ठिकाणं. थांबावं असं तिथे काही दिसत नाही, पण आम्ही थांबलो. चार्ली विलेटो याच परिसरातले. जन्म १८९७, मृत्यू १९६४. आयुष्यभर मेंढपाळी केली आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या काही वर्षांत लाकूड कोरायला घेतलं. मिळेल ते लाकूड, फळ्यांचे तुकडे, घराला लावायचा रंग. पुतळे करून ते इथल्या ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे किराणा, पीठ, कॉफी, दोरखंड असं सगळं मिळणाऱ्या दुकानात न्यायचे आणि बदल्यात सामान घेऊन यायचे. हात वर केलेली माणसं, जनावरं आणि घुबडं. आज त्यातले काही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

घुबडाचं महत्त्व कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. नवाहो, किंवा ते स्वतःला म्हणवतात तसे दिने, यांच्यात माणसाची नि जनावराची लाकडी प्रतिमा ही सहज करायची गोष्ट नव्हती. एखाद्या जनावराला आपल्या हातून इजा झाली आणि त्यातून घरात आजार आला असं निदान झालं, तर त्या जनावराची छोटी प्रतिमा कोरून घ्यायची, विधी करायचा आणि ती जुन्या ओसाड अवशेषांत ठेवून यायची. प्रतिमा ही औषधाची वस्तू होती, कपाटात मांडायची नव्हे. त्यात घुबड म्हणजे अशुभाची वर्दी. असं असताना एक म्हातारा मेंढपाळ घुबड कोरतो, त्याला ठिपक्यांचा अंगरखा रंगवतो आणि दुकानात नेऊन ठेवतो. आसपासच्या लोकांना ते खटकलं नसतं तरच नवल. तरी त्यांची बायको एलिझाबेथ आणि मुलगे पुढे याच कामात उतरले.

म्हणजे ज्याला आज ‘नवाहो लोककला’ म्हणून ओळखतात तिचं वय साठ-पासष्ट वर्षांचं. नवाहोंची विणलेली ब्लँकेटं आणि चांदीकाम याहून कितीतरी जुनं. मला या तरुणपणाचंच अप्रूप वाटतं. परंपरा म्हटलं की आपण हजार वर्षं मागे बघतो. इथे ती सुरू करणाऱ्या माणसाची नातवंडं भेटू शकतात.

दुपारी फार्मिंग्टन. एका जुन्या व्यापाऱ्याच्या दुकानात मागच्या खोलीत खजिना होता. १९८० च्या दशकात या गावातल्या जॅक बीझली या व्यापाऱ्याने आसपासच्या कलाकारांचं काम बाहेरच्या जगापुढे आणलं, त्यामुळे इथल्या दुकानदारांना या वस्तूंची जाण आहे. जॉन्सन अँटोनिओ यांचा एक म्हातारा तिथे उभा होता : खांद्यावर ब्लँकेट, गुडघे किंचित वाकलेले, चेहरा वाऱ्याने रापलेला. अँटोनिओ १९३१ चे, लेक व्हॅली भागातले, रेल्वेच्या रुळांवर मजुरी केलेले. १९८२ मध्ये त्यांनी पहिल्यांदा कोरायला घेतलं. कुऱ्हाड आणि खिशातला चाकू. रंगात पांढरी माती, जी इथले लोक विधींतही अंगाला लावतात. त्यांच्या शेळ्या तर बघत राहाव्यात अशा. शेळी नुसती उभी नसते, ती कान टवकारून काहीतरी ठरवत असते. ज्याने शेळ्या राखल्या आहेत त्यालाच मानेचा तो कोन ठाऊक असणार.

शेजारी मेमी डेशिली यांची पुठ्ठ्याची जनावरं होती, कापडाचे तुकडे आणि चमकत्या टिकल्या चिकटवलेली. त्या मातीची जनावरंही करायच्या. नवाहो मुलं पूर्वीपासून ओल्या मातीच्या गाई-मेंढ्या करून खेळत आली आहेत. डेशिलींनी म्हातारपणी तो खेळ पुन्हा हाती घेतला.

बुधवार : शिपरॉक, स्वीटवॉटर, ब्लफ

सकाळी शिपरॉकचा सुळका उजाड माळावर एकटाच उभा दिसतो, पायथ्यापासून साधारण पावणेपाचशे मीटर उंच. सान हुआन नदीच्या काठाने कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झाली होती. या सगळ्या कोरीवकामाचं मुख्य लाकूड हेच. हलकं, मऊ, चाकूला सहज वाट देणारं. आपल्याकडे सावंतवाडीचे चितारी पांगारा वापरतात तो याच गुणांसाठी. शेजारचे होपी लोक आपल्या काचिना बाहुल्या कॉटनवुडच्या मुळापासून करतात, आणि दुकानांत दोन्ही एकाच फळीवर मांडलेलं दिसतं. पण होपींची बाहुली त्यांच्या धर्माशी बांधलेली आहे. नवाहो कोंबडा हा कोंबडाच असतो.

कोंबडे म्हटलं की स्वीटवॉटर. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, १६० नंबरच्या हायवेपासून आत, विखुरलेली घरं असलेली ही वस्ती. इडिथ हर्बर्ट जॉन आणि लुलू हर्बर्ट यझी या हर्बर्ट घराण्यातल्या कलाकारांमुळे तिचं नाव संग्राहकांना माहीत झालं. आम्ही मात्र दुसऱ्या एका घरी चाललो होतो. ताईची त्या आजींशी ओळख एका बाजारात झाली होती, आणि येण्याआधी फोन केला होता. न विचारता कोणाच्या अंगणात गाडी घालायची नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, बोट दाखवायचं नाही, ही तिची मला ताकीद. इथे दिशा ओठ किंचित पुढे काढून दाखवतात.

‘याआतेए,’ ताई म्हणाली. आजींनी हात हातात घेतला, हलकेच, दाबला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, ‘हा भाऊ का तुझा? इतक्या लांबून आला?’ आम्ही नेलेली पिठाची पिशवी आणि कॉफी त्यांनी घरात ठेवायला सांगितली आणि आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं.

शेडमध्ये लाकडाचा वास, मेंढ्यांचा वास आणि रंगाचा वास. ओंडके आधी वर्षभर वाळवायचे. ओलं लाकूड कोरलं तर नंतर तडा जातो, आणि तो नेमका मानेत जातो. त्यांचा मुलगा चेनसॉने ढोबळ आकार काढतो, मग कुऱ्हाड, मग चाकू, मग कानस आणि पॉलिश पेपर. पाय वेगळे कोरून खुंटीने बसवायचे. कान कधी कातड्याचे. बोकडाला शिंगं खरी, घरात कापलेल्या बोकडाची. मेंढीच्या अंगावरची लोकर खरी, त्यांच्याच कळपातली, डिंकाने चिकटवलेली. ‘टाकायचं का म्हणून?’ आजी म्हणाल्या. ‘मांस खाल्लं, कातडं वापरलं, शिंग इथे लावलं.’

कोंबड्यांचा सगळा जीव शेपटीत असतो हे मला तिथे कळलं. आजींनी एक अर्धवट कोंबडा मांडीवर घेतला आणि चाकूने शेपटीच्या तीन पाकळ्या मोकळ्या केल्या. मापं नाहीत, आधी काढलेली रेघ नाही. मध्येच थांबून बाहेर अंगणात बघायच्या, तिथे खऱ्या कोंबड्या उकरत होत्या, आणि पुन्हा चाकू. रंगाचं काम नातीचं. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पिवळ्या ठिपक्यांना बसली. एका वस्तूवर घरातल्या तिघांचे हात, खाली सही मात्र आजींची. ताईने विचारलं तेव्हा नात म्हणाली, ‘मी माझं पहिलं करीन तेव्हा माझी सही करीन.’

मी विचारलं, कोणती जनावरं कोरत नाही? आजी लगेच म्हणाल्या, ‘साप नाही. घुबड नाही. अस्वल मी नाही करत.’ मुलगा म्हणाला, ‘मी करतो अस्वल.’ आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या दोघांमधला हा वाद जुना असणार, आणि तो मिटवायची घाईही कोणाला नसावी. एकाच शेडच्या एका कोपऱ्यात अस्वलं उभी, दुसऱ्या कोपऱ्यात कोंबड्या. विलेटोंच्या घुबडापासून निघालेला प्रश्न साठ वर्षांनी इथे, आई आणि मुलामध्ये, तसाच चालू आहे. हे बघायला मिळालं म्हणून एवढ्या लांब आल्याचं सार्थक झालं. नियम पुस्तकात लिहिलेला नाही. प्रत्येक हात तो स्वतःपुरता ठरवतो आणि त्याची जबाबदारीही घेतो.

एक कायोटीही होता, मान वर करून, जबडा उघडा. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांचा भाऊबंद आणि यांच्या गोष्टींतला धूर्त, खादाड, उचापती नायक. त्याची एखादी गोष्ट सांगाल का, असं मी विचारलं. मुलगा हसला. ‘अजून नाही. हिवाळ्यात.’ साप, अस्वलं झोपी गेली, कडक थंडी पडली, की मगच त्या गोष्टी सांगायच्या. आजींनी मानेने दुजोरा दिला. या बाबतीत दोघांचं एकमत होतं.

आम्ही एक कोंबडा आणि एक बोकड घेतला. आजींनी सांगितलेली किंमत दिली. घासाघीस करायचं मनातही आलं नाही. वर्षभर वाळवलेलं लाकूड, आठवडाभराचं काम, आणि वस्तू विकायला शेजारच्या राज्यात जायचं म्हणजे पेट्रोल वेगळंच.

मुक्कामाला युटामधलं ब्लफ. तिथलं ट्विन रॉक्स ट्रेडिंग पोस्ट लाल खडकांच्या दोन सुळक्यांच्या पायथ्याशी आहे आणि टोपल्या, लोककला यांसाठी नावाजलेलं आहे. दुकान बंद व्हायच्या आत पोहोचलो. गाडी चालवणारी कुत्री, ससे, स्कंक, घोड्यावरचे काउबॉय. विनोदी कामांचं पेव फुटलंय असं ताईचं मत. मला त्यातली निम्मी तरी गिऱ्हाइकाच्या मर्जीने केलेली वाटली. ट्रकमध्ये बसलेली कोंबडी बघून हसू येतं, पण ती दुसऱ्यांदा बघावीशी वाटत नाही. आजींच्या कोंबड्याकडे मी रात्री खोलीत बराच वेळ बघत होतो.

गुरुवार : चिन्ली, कॅन्यन डी शे

१९१ नंबरने दक्षिणेला. घड्याळाची एक गंमत : अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वशासित प्रदेश, पाळतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये इथे बाकीच्या अ‍ॅरिझोनापेक्षा घड्याळ एक तास पुढे. फोनवर भरवसा न ठेवता वाटाड्याला पुन्हा विचारून वेळ पक्की केली.

कॅन्यन डी शे १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, पण जमीन नवाहोंची आणि आत आजही कुटुंबं शेती करतात, मेंढ्या राखतात. दरीच्या तळाशी नवाहो वाटाड्याबरोबरच जावं लागतं. जीप वाळूतून, पाण्यातून गेली आणि अँटिलोप हाउसच्या अवशेषांपाशी थांबली. कड्यावर हरणासारख्या प्रॉन्गहॉर्नची चित्रं आहेत, तपकिरी नि पांढऱ्या रंगात, जवळजवळ खऱ्या आकाराची. ही १८३० च्या दशकात दिबे याझी नावाच्या नवाहो चित्रकाराने काढली असं सांगतात. पळणाऱ्या जनावराच्या पोटाखालचा पांढरा भाग, ताणलेले पाय, सगळं नेमकं. अशुभ, विधी, बंधनं हे सगळं खरं; पण जनावराकडे इतक्या प्रेमाने बघणारा डोळाही दोनशे वर्षांपूर्वी इथे होता. काल शेडमध्ये बसलेला डोळा त्याच घराण्यातला आहे असं मला वाटतं, मधला दुवा कागदावर दाखवता आला नाही तरी.

याच दरीत १८६४ च्या सुरुवातीला किट कार्सन या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सैन्याने लोकांना उपाशी पाडून शरण आणलं. घरं जाळली, मेंढ्या मारल्या, नंतर पीचच्या बागा तोडल्या. मग हजारो माणसांना शेकडो मैल चालवत पूर्वेला बोस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या तहाने ती परत आली, आणि तहातल्या एका कलमात त्यांना १५,००० मेंढ्या-शेळ्या देण्याचं वचन होतं. पुन्हा १९३० च्या दशकात जमिनीची धूप होते म्हणून सरकारनेच कळप कमी करायला लावले; हजारो जनावरं जागच्या जागी मारली गेली. आमचा वाटाडा हे सांगताना जीप थांबवून बोलला. त्याच्या आजीने ते लहानपणी पाहिलं होतं. लाकडाच्या मेंढीवर खरी लोकर चिकटवणाऱ्या हाताला मेंढी म्हणजे काय वाटत असेल, हे समजायला एवढं पुरे.

चिन्लीच्याच परिसरात क्लिट्सो डेडमन होऊन गेले, १८७६ ते १९५३. ते स्वतः ट्रेडिंग पोस्ट चालवत, आणि उतारवयात त्यांनी येइबिचाय या विधीतल्या नर्तकांचे लाकडी संच कोरले. विलेटोंच्याही वीसेक वर्षं आधी. पवित्र नृत्य लाकडात आणणं हे तर घुबडाहून मोठं धाडस.

शुक्रवार : गनाडो, विंडो रॉक, गॅलप

गनाडोचं हबल ट्रेडिंग पोस्ट १८७८ पासून चालू आहे. उंच काउंटर, करकरणारी लाकडी जमीन, छताला टांगलेल्या टोपल्या. आता राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे, पण दुकान अजून दुकानच आहे. ब्लँकेटांसाठी जावं. कोरीवकामासाठी मुद्दाम नको.

विंडो रॉक ही नवाहो नेशनची राजधानी. इथलं प्राणिसंग्रहालय अमेरिकेत एखाद्या आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेलं एकमेव आहे. छोटंसं, लाल खडकांच्या कुशीत. जखमी झालेले, पोरके झालेले, परत सोडता न येणारे प्राणी. १९९९ च्या सुमारास इथे मोठा वाद झाला होता : देवतांनी दर्शन देऊन जनावरं बंदिस्त ठेवू नका असं सांगितलं, अशी बातमी आली आणि संग्रहालय बंद करायचं ठरलं. मुलांनी, शाळांनी विरोध केला. शेवटी संग्रहालय राहिलं, मात्र धट्टीकट्टी जनावरं पकडून आणायची नाहीत, आधाराची गरज असलेलीच ठेवायची, असा मार्ग निघाला.

अस्वलाच्या कुंपणापाशी आम्ही बराच वेळ होतो. चालताना त्याचे खांदे एकापाठोपाठ एक वर येतात आणि डोकं खाली राहतं. स्वीटवॉटरच्या शेडमधली अस्वलं अगदी अशीच होती. ‘म्हणजे तो इथे येऊन बघत असणार,’ ताई म्हणाली. ‘आईला न सांगता.’ पलीकडे चुरो मेंढ्या होत्या, काहींना चार-चार शिंगं. लाकडी बोकडाला कोणी चार शिंगं लावली तर मी ती कल्पना समजलो असतो.

शनिवार : गॅलपचा बाजार, सांता फे

गॅलपला शनिवारी आठवडी बाजार भरतो. मटणाचा रस्सा, तळलेली जाड भाकरी, भाजलेली कणसं, औषधी पाला, टायर, गवताच्या गासड्या, दागिने. आणि मधूनच कोणी ट्रकच्या मागच्या फळीवर चार-पाच लाकडी जनावरं मांडून उभं. इथे थेट करणाऱ्याच्या हातात पैसे देता येतात, म्हणून मला ही जागा दुकानांपेक्षा जास्त आवडली. एका तरुणाकडे खारीएवढा ससा होता, कानांच्या आतला गुलाबी रंग नुकताच वाळलेला. त्याने वस्तू उलटी करून सही दाखवली, गाव सांगितलं, लाकूड कोणतं ते सांगितलं. बाहेरून आणलेला माल स्थानिकांचा म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड जबर आहे, तुरुंगवासही आहे. तरी नकली माल येतो. घेणाऱ्याने एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरंच साधतं, आणि करणाऱ्याला ते विचारलेले आवडतात.

दुपारनंतर सांता फे. लोककलेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालयात अलेक्झांडर गिरार्ड या डिझायनरच्या संग्रहाचं दालन आहे. शंभराहून अधिक देशांतल्या लाखभर वस्तूंपैकी सुमारे दहा हजार तिथे मांडलेल्या आहेत, त्यात भारतातल्याही. खेळण्यांची अख्खी गावं वसवली आहेत. देखणं आहे, पण घाईने बघितलं. वस्तूंजवळ नावाच्या पाट्या नाहीत, मांडणारा तसं ठरवूनच मांडतो. आजींच्या नातीची ती सहीची गोष्ट ऐकून आल्यावर मला मात्र कोंबडा कोणाचा हे कळायलाच हवं होतं.

शेजारीच व्हीलराइट संग्रहालय, १९३७ चं, हस्तीन क्लाह हे नवाहो वैद्य-विणकर आणि मेरी कॅबट व्हीलराइट यांनी मिळून उभारलेलं. इमारत होगानच्या घाटाची. इथे विधींच्या वस्तू होत्या. १९७७ मध्ये संग्रहालयाने पवित्र गाठोडी नवाहोंना परत केली. काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, हा प्रश्न इथेही सुटला तो ज्याचं त्याला देऊन.

तळघरात जुन्या ट्रेडिंग पोस्टसारखं दुकान आहे. ताईने पिशवीतून कोंबडा काढून तिथल्या बाईंना दाखवला. त्यांनी तळाची सही बघायच्या आधी शेपटी बघितली आणि विचारलं, ‘स्वीटवॉटर?’ मग रंगाचे पिवळे ठिपके बघून म्हणाल्या, ‘हे मात्र नवीन आहे. कोणी रंगवलं?’ ताईने नातीचं नाव सांगितलं. बाईंनी ते एका वहीत लिहून घेतलं.

कोंबडा माझ्याबरोबर सावंतवाडीला येईल, खरी शिंगं असलेला बोकड ताईकडेच राहील. जानेवारीत ती पुन्हा स्वीटवॉटरला जाणार आहे, कायोटीच्या गोष्टी ऐकायला.